टॉवेलाखालचा सौदा

बापूंनी टॉवेल मागितला तेव्हा मी सायकलच्या पोटाखाली उताणी पडले होते. एका हातात मोबाईलची बॅटरी, दुसऱ्या हातात रुपयाचं नाणं, आणि त्या नाण्यानं मी काळ्या सांगाड्याला इंचाइंचानं ठोकत चालले होते. कार्बनची सायकल एकदा जोरात आपटली की वरचा रंग शाबूत राहतो आणि आतले थर सुटतात. मग तिथं नाणं वाजवलं तर टणक आवाजाऐवजी भिजल्या लाकडासारखा बद्द आवाज येतो. ही विद्या मुल्लासरांची. मिरजेत त्यांनी माझ्यासारख्या कितीतरी पोरापोरींना सायकल शिकवली, म्हणजे पडायला शिकवलं. न पडता चालवणं ज्याचं त्यानं शिकायचं, असं ते म्हणत.

बोरजाईवाडीच्या सूर्यवंशींचा तो मळा. पत्र्याची शेड, पलीकडे गोठा, शेडच्या सावलीत एक बाज आणि बाजेवर काळा चष्मा लावून बसलेले बापू. सत्तरीला आलेला माणूस, पण मनगटं अशी की एखाद्या तरण्या पैलवानाला द्यावीत. सायकल त्यांच्या पुतण्याची, रणधीरची. पुण्यात नोकरीला असताना रणधीरच्या डोक्यात ट्रायथलॉन शिरलं. आधी पोहायचं, मग सायकल हाणायची, मग धावायचं. एक शर्यत केली, गुडघा गेला, नोकरीही सुटली आणि सायकल गोणपाटाखाली गेली.

"हौशी माणसाची सायकल बघ," मुल्लासरांनी मला बजावलं होतं. "घेताना तो किंमत बघत नाही, आणि विकायला काढतो तेव्हा त्याला ती डोळ्यांसमोर नको असते."

आणखीही बरंच बजावलं होतं. अंगाला बसणारी जुनी सायकल न बसणाऱ्या नवीला कधीही मारते. रुंद चाकं आणि बटणावर पडणारे गिअर बघून भाळायचं नाही, त्याचे पैसे विकणाऱ्यानं कधीच वसूल केलेले असतात. पैसे द्यायचे ते सांगाड्याचे आणि आपल्या पाठीला सोसेल अशा बैठकीचे. बाकी सगळं बदलता येतं.

मी त्या वर्षी तेवीस वर्षांखालच्या गटात होते आणि तो माझा शेवटचा हंगाम होता. टाइम ट्रायल म्हणजे एकटीनं घड्याळाशी भांडायचं, पुढं कुणी नाही, मागं कुणी नाही. आदल्या वर्षी पुण्याची एक मुलगी मला डोळ्याची पापणी लवण्याएवढ्या फरकानं मागं टाकून राज्याच्या संघात गेली. तिच्याकडं खास टाइम ट्रायलची सायकल होती, माझ्याकडं साध्या सायकलला पुढं कोपरं टेकायला दोन दांड्या आवळलेल्या. "पाय तुझेच जास्त आहेत," सर म्हणाले, "पण तुला वारा जास्त लागतो." यंदा निवड हुकली की पुढच्या वर्षी मोठ्या बायकांच्या गटात, तिथं नोकरी करून सरावाला पगारी रजा मिळणाऱ्या खेळाडू. आमच्या पिकअपमधून दुधाचे कॅन उचलणारी मोनाली खरात तिथं कुणाच्या खिजगणतीत असणार? सायकल मिळाली तर मी होते, नाही तर नव्हते. इतकं ते सरळ होतं.

सायकलवाल्यांच्या ग्रुपवर रणधीरची जाहिरात मीच बघितली. आबांना गावाचं नाव सांगितलं तेव्हा ते दाढी करत होते. वस्तरा तसाच गालावर थांबला. मग म्हणाले, "मी येतो. तुला भाव करता यायचा न्हाई."

मला त्याचं हसू आलं होतं. माझे आबा म्हणजे आनंदा खरात, एके काळी चार तालुक्यांत बैलगाडीच्या शर्यती हाणणारा माणूस. बैल विकत घेताना खूर, वशिंड, शेपटीची मुळी आणि अंगावरचे भोवरे बघून बोलणारा. त्या माणसाला कार्बनच्या सायकलमधलं काय कळणार होतं? पण त्यांना नको म्हणायची आमच्या घरात पद्धत नव्हती. आईनं आणि मी दोघींनी त्यांच्या उजव्या हातचा मार खाल्लेला. शर्यतीत ते बैलाचं शेपूट दातात धरून करकचून चावत, हे मी लहानपणी डोळ्यांनी बघितलेलं आहे. घरी आले की चूळ भरत आणि चुळीतून केस पडत. मी चौथीत असताना त्यांनी शर्यत सोडली, का ते कुणी सांगितलं नाही. पुढं सरकारी बंदी आली तेव्हा ते म्हणत, बरं झालं, आपण आधीच सुटलो.

मळ्यात शिरल्यावर बापूंनी मान वर केली, पण चष्मा काढला नाही.

"आलास व्हय, आनंदा."

"आलो."

एवढंच. मला वाटलं, जुनी ओळख असेल. आबांची ओळख कुठं नसते.

आबांनी सायकल बैलासारखीच बघितली. मागं जाऊन उभे राहिले, पुढं येऊन वाकले, पुढचं चाक उचलून जमिनीवर आपटून बघितलं. रणधीरचा जीव वरखाली झाला. मग तो मला सायकल घेऊन कालव्याच्या रस्त्यावर सोडायला आला आणि बैठक माझ्या मापाची करून देताना फार अदबीनं बोलला. कुठला बोल्ट किती आवळायचा, कुठं आवळायचा नाही, सगळं सांगितलं. पोरगा चांगला होता, हे इथंच सांगून ठेवते.

आणि मग मी ती हाणली. कोपरं पुढच्या गाद्यांवर टेकली, पाठ आडवी, हनुवटी मनगटावर. या बैठकीत ब्रेक हाताशी नसतात. आडवं कुत्रं आलं तर कुत्र्यानं त्याचं बघायचं. कालव्याकडेच्या बाभळी मागं फेकल्या जायला लागल्या, मांड्या पेटल्या, तोंडाला रक्ताची चव आली, आणि सायकल कलिंगडात सुरी जावी तशी वाऱ्यात गेली. मी ओरडत होते, काय ते आठवत नाही, बहुतेक पुण्याच्या त्या मुलीला शिव्याच असाव्यात. परत आले तरी मी दांड्या सोडल्या नाहीत. ती सायकल मला हवी होती. दुसऱ्याच्या ताटातला घास हिसकावून घ्यावा तशी हवी होती.

नाण्याचा आवाज सगळीकडं टणक आला. टायर झिजलेले, साखळी ताणलेली, बाकी सांगाडा निर्दोष. मी खालूनच आबांना अंगठा दाखवला, आणि तेव्हाच बापू म्हणाले, "आनंदा, टॉवेल दे."

ज्यानं बैलबाजार बघितला नाही त्याला सांगायला हवं. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा समोरासमोर बसतात, हातांवर टॉवेल टाकतात आणि आत एकमेकांची बोटं धरून आकडा कळवतात. बघणाऱ्याला नुसता टॉवेल हलताना दिसतो. नियम एकच. ज्यानं हात आधी बाहेर काढला त्यानं सौदा मोडला, मग त्या दावणीवर त्यानं पुन्हा यायचं नाही. म्हणून मुरलेली माणसं घामाघूम होतात पण हात काढत नाहीत.

रणधीर म्हणाला, "चुलते, मी नव्वद सांगितलेत, फोनवर बोलणं झालंय. टॉवेल कशाला?" बापू म्हणाले, सौदा मी करणार, तू त्या पोरीला चाक फिरवून दाखव. कसा आवाज करतंय ते ऐकू दे तिला.

आमच्याकडं साठ हजार होते, त्यातले निम्मे म्हैस विकून आलेले. आबा बाजेवर बापूंच्या समोर बसले. खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांनी दोघांच्या उजव्या हातांवर टाकला. रणधीरनं सायकलचं मागचं चाक उचलून पायडल हातानं जोरात फिरवून सोडलं आणि चाक टर्रर्र वाजायला लागलं. महागड्या चाकांचा असा मोठा आवाज असतो, हौशी लोकांना तो फार आवडतो. चाक थांबायला आलं की बापू नुसती मान हलवत आणि रणधीर पुन्हा फिरवे.

मी आबांकडं बघत होते. त्यांच्या कपाळाची शीर एकदम फुगली.

"ऐंशी," मला कळावं म्हणून ते तोंडानं म्हणाले. आवाज घशात काटा अडकल्यासारखा.

मला गंमत वाटली. एका दमात दहा उतरले होते. त्यांचा तोरा मला त्या क्षणी आवडला, हे खरं सांगते. मी म्हणाले, "आबा, टायर संपलेत. साखळी पण ताणलीय. वरचा खर्च धरा."

बापूंनी माझ्याकडं बघितलं. मग आबांकडं बघितलं आणि हळूच काहीतरी बोलले, ते चाकाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. आबांनी मान हलवून नाही म्हटलं. टॉवेल पुढं सरकला. आबांच्या ओठाला घामाची धार लागली होती आणि ते सरळ बापूंच्या काळ्या चष्म्यात बघत होते, पापणीसुद्धा न हलवता.

"सत्तर."

रणधीर वैतागला होता. चुलते, अहो नुसत्या चाकांचे तेवढे होतात, म्हणाला. बापूंनी त्याला गप्प केलं. त्यांचाही श्वास आता मोठा झाला होता. टॉवेल तिसऱ्यांदा हलला, यावेळी बराच वेळ हलला, आणि आबा बसल्या जागी थोडे वाकले. मला वाटलं, झोप आली का काय यांना.

"साठ," ते म्हणाले. "झालं. पैसे मोजून घे."

आबांनी हात टॉवेलासकट बाहेर काढला, तसाच गुंडाळून पोटाशी धरला आणि डाव्या हातानं पैशांची पिशवी बाजेवर ठेवली. आम्ही सायकल पिकअपच्या हौद्यात दुधाच्या रिकाम्या कॅनच्या मधोमध आडवी ठेवली, खाली पोती अंथरली. म्हणजे मी ठेवली. आबा म्हणाले, गाडी तू चालव, माझे डोळे चुरचुरताहेत.

रस्ताभर मी बडबडत होते. मुल्लासरांना काय वाटेल, पुण्याच्या मुलीचं तोंड कसं होईल, तीस हजार कसे उतरवले, शिकवा मला पण टॉवेलाखालची भाषा. आबा हूं हूं करत होते. तिठ्यावर मी चहाला थांबले. दोन ग्लास आणले. त्यांनी डाव्या हातानं ग्लास घेतला आणि तो त्यांच्या हातात टिकला नाही, मांडीवर सांडला. उकळता चहा मांडीवर सांडला आणि ते हलले नाहीत. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

"हात बघू."

"काय न्हाई त्याला."

मी टॉवेल ओढला. अंगठ्याशेजारचं बोट, मधलं बोट आणि त्याच्या पुढचं बोट, तिन्ही वांग्यासारखी निळी, सुजून टम्म आणि मागच्या बाजूला वळलेली. जिथं वळायला नको तिथून वळलेली.

"कुणी केलं?"

त्यांनी टॉवेल पुन्हा हातावर ओढला.

"तिथं बसल्या बसल्या? मी समोर असताना?"

"बोटाला धा हजार," आबा म्हणाले. "वाईट भाव न्हाई."

मी ज्या हाताचा मार खाल्ला त्या हाताकडं बघून मला रडू येईल असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्या थोबाडीत मारली असती. पण रडू आलं, आणि ते डोळ्यांत पोचायच्या आत त्याचा संताप झाला. मी गाडी फिरवली. आबा नको नको म्हणत होते, दवाखान्यात चल म्हणत होते. मी ऐकलं नाही. त्या रस्त्यानं मी पिकअप अशी हाणली की मागचे कॅन एकमेकांवर आदळत होते आणि सायकलचं काय होत असेल हा विचारसुद्धा मला शिवला नाही.

मळ्याच्या तोंडाशी गाडी उभी केली. सीटमागून जॅकची लोखंडी टॉमी काढली. आबा डाव्या हातानं माझी ओढणी धरत होते, ती तशीच त्यांच्या हातात राहिली.

रणधीर गोठ्याजवळ पाणी भरत होता. मला बघून तो पुढं आला, काही राहिलं का, असं काहीतरी म्हणाला, चेहऱ्यावर तीच अदब. माझ्या डोक्यात फक्त टर्रर्र वाजणारं चाक होतं. हा चाक फिरवत होता, म्हणून मला ऐकू आलं नाही. मी टॉमी फिरवली, ती त्याच्या खांद्यावर बसली. तो ओरडून खाली वाकला, मग त्यानं माझे केस धरले आणि मला खाली खेचलं. आम्ही दोघं शेणात आडवे झालो. त्याचं वजन माझ्या दुप्पट, पण सायकलवाल्या बाईच्या पायाशी त्याची गाठ पडली नव्हती. मी गुडघा त्याच्या पोटात घातला, सुटले आणि कोपर फिरवलं ते सरळ त्याच्या तोंडावर. काहीतरी तुटल्याचं मला कोपराला जाणवलं. त्यानं तोंड धरलं, बोटांतून रक्त आलं आणि त्यानं थुंकलं तेव्हा रक्ताबरोबर अर्धा दात मातीत पडला.

"चुलते, काय केलंय मी हिला?" तो रडत विचारत होता.

मी उठले. बापू बाजेवरून हलले नव्हते. मी टॉमी उगारून त्यांच्यासमोर उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा वडीलधाऱ्या माणसाला अरेतुरे केलं.

"हात पुढं कर."

त्यांनी विचारलं, "डावा का उजवा?"

आणि खरंच उजवा हात बाजेच्या लाकडावर ठेवला, बोटं पसरून. दुसऱ्या हातानं चष्मा काढला. डाव्या डोळ्याच्या जागी नुसती खाच होती, भुवईपासून गालापर्यंत मांस आत ओढून शिवल्यासारखं.

"तुझ्या बानं सांगितलं न्हाई वाटतं," ते म्हणाले. "शर्यत मीच जिंकली हुती. माझी गाडी पुढं. निशाणापाशी मी बैलाच्या गळ्याला मिठी मारून हुतो. हा मागनं आला आन् हरल्याच्या रागात माझ्या बैलाच्या तोंडावर चाबूक वढला. चाबकाला शेवटाला तारेची गाठ. मी बैलाला पाठीमागं घेतला. बैल वाचला."

माझा हात तसाच वर होता.

"केस केली न्हाई मी. तो बी कधी ह्या वाटंला आला न्हाई. आज आला. तू कालव्यावर गेलीस तवा म्हणला, पोरीला सायकल पायजे. मी म्हणलं, हात दे."

"आणि तीन बोटं मोडलीस."

बापूंनी मान हलवली.

"मी एक मोडलं. ते माझ्या डोळ्याचं. ते मोडलं आन् माझं मन भरलं, पोरी. एवढ्या वर्साचं एका बोटात भागलं. मी त्याला म्हणलं, हात सोड, दहा उतरलं, ऐंशीला घिऊन जा. तवर तू टायरचं बोललीस." ते थांबले. "त्यानं दुसरं बोट आपल्या हातानं माझ्या मुठीत दिलं. म्हणला, हेचं किती देतोस? मी न्हाई म्हणलं तर सोडीना. तिसरंबी त्यानंच दिलं. सत्तरला उठ म्हणत हुतो त्याला, माझ्या गळ्याची शप्पत. त्याच्यापाशी साठच हुतं, मला काय ठावं."

"तुला थांबता आलं असतं."

"आलं असतं," बापू म्हणाले. "न्हाई थांबलो. मुठीत आलं की मोडावं वाटतंय. त्याला बी चाबूक हातात आल्यावर तसंच झालं आसंल."

गोठ्यातला बैल मान हलवत होता. रणधीर मातीत बसून दात शोधत होता. मी वाट बघत होते की माझा हात खाली येईल आणि त्या पसरलेल्या बोटांवर आपटेल. अंगात तेवढा जोर होता. पण कुणाचा राग कुणावर काढायचा हेच मला कळेनासं झालं. या म्हाताऱ्यानं एक बोट मोडलं होतं, आणि दुसरं मोडायला माझ्या तोंडून शब्द गेला होता, आणि तिसरं आबांनी स्वतः दिलं होतं, आणि या सगळ्यात दात गेला होता तो ज्यानं मला बैठक लावून दिली त्या पोराचा. मी टॉमी घेऊन तशीच वळले. रणधीरला काहीतरी म्हणायला हवं होतं. मी त्याच्या बाजूनं पुढं निघून गेले.

आबा पिकअपमध्ये पुढं नव्हते. मागं हौद्यात चढले होते. एका हातानं कसे चढले कोण जाणे. सायकल कॅनच्या मधून सरकली होती, ती त्यांनी मांडीवर आडवी घेतली होती आणि मोडका हात तिच्या वर ठेवून बसले होते.

"मारलंस?" त्यांनी विचारलं.

"पोराला. म्हाताऱ्याला नाही."

त्यांनी सुस्कारा सोडला. "बरं झालं. बापूला मारलं असतंस तर सौदा मोडला असता. सायकल परत द्यायला लागली असती."

मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आबांनी बैलानं तुडवलं म्हणून सांगितलं. डॉक्टरांना ते पटलं नाही, पण त्यांनी प्लास्टर घातलं. मधलं बोट पुढं कधीच सरळ झालं नाही. रणधीरच्या दाताचा खर्च द्यायला मी गेले तेव्हा त्यानं दार उघडलं, मला बघितलं आणि लावून घेतलं. माझ्या आयुष्यात मी बऱ्याच जणांना हरवलंय, त्यातलं कुणी माझ्या स्वप्नात येत नाही. हा येतो.

निवडीची शर्यत त्या महिन्याच्या शेवटी, साताऱ्याकडच्या एका मोकळ्या रस्त्यावर होती. टाइम ट्रायलला एक माणूस मागून तुमची सायकल धरून तुम्हाला उभं करतो आणि दुसरा समोर येऊन हाताची पाच बोटं दाखवतो. मग एकेक बोट मिटत जातो. शेवटचं मिटलं की सुटायचं. हे मी शंभरदा बघितलं होतं. त्या दिवशी पंचाचं पहिलं बोट मिटलं आणि मी मान खाली घातली. दुसरं, तिसरं मी बघितलंच नाही. मागच्या माणसानं सायकल सोडली तेव्हा मला कळलं की वेळ झाली.

त्या दिवशी चालवली तशी सायकल मी पुन्हा कधी चालवली नाही. पायांना काय होतंय ते मला कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. परतीच्या चढावर मला ओकारी आली, ती मी तशीच दांड्यांवर पडल्या पडल्या केली, अंगावर, सायकलवर, आणि वेग उतरू दिला नाही. वाऱ्याला मी शिव्या देत होते, आबांना देत होते, बापूंना देत होते. शेवटच्या टप्प्यात कुणाला देत होते ते माझं मलाच माहीत नाही. पुण्याच्या मुलीला मी भरपूर अंतरानं मागं टाकलं. ती माझ्यापाशी आली, सायकलकडं बघून म्हणाली, छान आहे, कितीला घेतली? मी सायकल ढकलत पुढं निघाले, तिला वाटलं मला गर्व चढला.

आबा रस्त्याच्या कडेला दगडावर बसले होते, प्लास्टरचा हात गळ्यात. मी त्यांच्यासमोर सायकल आडवी टाकली आणि स्वतःही जमिनीवर पडले. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. डाव्या हातानं टॉवेल काढला आणि सायकलच्या दांड्यावरची ओकारी पुसायला लागले. सावकाश, बैलाचा घाम पुसावा तशी. पुसून झाल्यावर त्यांनी सांगाड्यावर दोन थापा मारल्या.

"स्वस्तात पडली," ते म्हणाले.

"आबा," मी म्हणाले, "पुन्हा माझ्यासाठी असं काही केलंत तर उरलेली सात बोटं मी मोडीन."

ते हसले. इतक्या मोकळेपणानं मी त्यांना हसताना कधी बघितलं नव्हतं.

मी हसत नव्हते.